शेपटीला रेझिस्टर लावायचा की करंट सोर्स?

डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायरची, म्हणजे दोन इनपुटमधला फरक वाढवणाऱ्या सर्किटची, ट्रान्झिस्टर जोडी उभी करणं सोपं आहे. गाडी अडते ती दोन्ही एमिटर एकत्र आल्यावर खाली, म्हणजे शेपटीला, काय लावायचं, यावर: साधा रेझिस्टर की करंट ठरावीक ठेवणारा करंट सोर्स. बाकीचं दोन्हीकडे सारखं धरू: ±12 व्होल्ट सप्लाय, दोन बीसी547 ट्रान्झिस्टर (पाय तीन: कलेक्टर, बेस, एमिटर), प्रत्येक कलेक्टरला 12 के (किलोओहम) रेझिस्टर, प्रत्येक बेसपासून ग्राउंडला 10 के. हा 10 के विसरलात तर बेसला डीसी वाट राहत नाही आणि त्या बाजूचा कलेक्टर 12 व्होल्टला चिकटतो.

साधा मार्ग म्हणजे एमिटरपासून −12 ला 12 के. एमिटर −0.65 वर असतो, म्हणजे करंट 0.95 मिलिअँपिअर, दोघांत निम्मा निम्मा. कलेक्टरवर 6.3 व्होल्टच्या आसपास दिसले की जोडणी बरोबर. एका कलेक्टरवर गेन (सिग्नल किती पट होतो ते) सुमारे 110 मिळतो, पण दोन्ही इनपुटवर सारख्याच आलेल्या सिग्नललाही 0.5 मिळतो. केळीच्या बागेत मोटारीच्या केबललगत सेन्सरची वायर ओढली आणि तिच्यावर 100 मिलिव्होल्टची गुणगुण आली, तर आउटपुटवर 50 दिसणार. सेन्सरचा 1 मिलिव्होल्ट तिथे 110 होतो. दाणा कुठला नि भुसा कुठला, कळत नाही. दोन्ही बेस +5 वर गेले तर करंट 1.36 मिलिअँपिअरवर चढून ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होतात (पूर्ण उघडून सिग्नल वाढवणं थांबवतात), ते वेगळंच.

करंट सोर्सला तिसरा बीसी547 लागतो. त्याच्या एमिटरपासून −12 ला 680 ओहम, बेसपासून −12 ला दोन 1एन4148 डायोड सिरीजमध्ये, ग्राउंडपासून बेसला 10 के. करंट तेवढाच, पण तीच गुणगुण आउटपुटवर 1 मिलिव्होल्टच्या आत.

मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा सोर्स सरकतो. 20 अंशांना जुळवलेला करंट भुसावळच्या मे महिन्यात, 45 अंशांना, जवळपास 8 टक्के घसरतो; रेझिस्टरवाला अर्धा टक्काही हलत नाही. डायोडच्या जागी साधा लाल एलईडी आणि 680 च्या जागी 1.2 के लावा, घसरण बरीचशी थांबते.

प्रॅक्टिकलला गेन मोजून जर्नल भरायचं असेल तर रेझिस्टर पुरे. वायर हातभरापेक्षा लांब असेल तर करंट सोर्सच, तोही एलईडीवाला.

आणि कूलरचा झोत ब्रेडबोर्डवर नको. जोडीत एका अंशाचा फरक पडला की आउटपुट 220 मिलिव्होल्ट सरकतं. दोघांच्या सपाट बाजू चिकटवून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. फक्त तसं केल्यावर एकाचा कलेक्टर दुसऱ्याच्या एमिटरसमोर येतो, पाय मोजूनच खोचा.