पद्मिनीला एएफआर मीटर लावलं, सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आमच्याकडे बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्सचा सिंगल बॅरल कार्बोरेटर, गोव्यात फोंड्याला अंगणात मांडवाखाली उभी असते आणि रविवारची बाहेर निघते. इतकी वर्षं तिचं ट्यूनिंग म्हणजे आमच्या मेस्तने (मेकॅनिकने) बोनेटमध्ये डोकं घालायचं, कान देऊन ऐकायचं, स्क्रू आतबाहेर करायचा आणि शेवटी प्लग काढून रंग बघायचा, चॉकलेटी आला की झालं काम. माझी काही तक्रार नव्हती. पण पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) यायला लागलं आणि गाडीचा स्वभावच बदलला. स्लोवर (गाडी उभी, पाय काढलेला) एकदम सुरेख, पण फर्मागुढीच्या चढावर पाय दाबला की आधी एक आचका देणार, मग विचार करणार, मग निघणार. उन्हात गरम झाली की तर विचारूच नका. मेस्त तीनदा स्क्रू फिरवून थकला, मी डिलिव्हरी पॉइंटपासून कॉइलपर्यंत ठिणगीचं सगळं बदललं, शेवटी म्हटलं आता अंदाज पुरे, आकडाच बघूया. म्हणून एएफआर (एअर-फ्युएल रेशो) मीटर घेतलं, ते पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग ते सांगतं: १४.७ म्हणजे हिशेबाने नेमकं, वर गेलं की लीन म्हणजे पेट्रोल कमी, खाली आलं की रिच म्हणजे पेट्रोल जास्त.

मीटरच्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण खरं काम आतला सेन्सर करतो, आणि चांगल्या मीटरांत बहुतेक ठिकाणी तो बॉशचा एलएसयू ४.९च असतो. घेताना फक्त ‘वाइडबँड’ लिहिलंय का ते बघा. स्वस्तात मिळणारी ती रंगीत दिवे नाचवणारी नॅरोबँडवाली घेऊ नका, ती फक्त १४.७ च्या इकडे की तिकडे एवढंच सांगतात, किती इकडे ते नाही, म्हणजे गणपतीची लायटिंग आणि ती सारखीच. मला मीटर, सेन्सर, कस्टम ड्युटी, बंगचं (सेन्सर बसवायच्या आट्यांच्या कडीचं) वेल्डिंग धरून २५ हजारांच्या घरात गेले. हो, महाग आहे. घरात अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

बसवण्यातच पहिला गोंधळ झाला. सेन्सरसाठी एक्झॉस्ट पाइपला भोक पाडून १८ मिमी आट्यांचा बंग वेल्ड करावा लागतो, आणि तो पाइपच्या वरच्या अंगाला हवा, घड्याळात दहा ते दोनच्या मधे कुठेतरी, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी सेन्सरवर येत नाही. आत तापलेल्या सिरॅमिकवर पाणी पडलं की सेन्सर गेला. वेल्डिंगवाल्याने सोपं पडतं म्हणून सरळ खालच्या बाजूला लावून दिला! आपल्याकडच्या पावसाळी हवेत सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पाणी ठिबकतं ते सगळ्यांनी बघितलंय. परत कापलं, परत वेल्ड केलं, पैसे दोनदा. तुम्ही करताना समोर उभे राहा. आणि सेन्सर लावलाय पण मीटर बंद ठेवून गाडी चालवतोय असंही करू नका, हीटर बंद असला की काजळी बसून खराब होतो. माझ्या गाडीला अजून जुना डायनॅमो आहे, स्लोवर तो कसाबसा चार्ज करतो, त्यात हा हीटर, म्हणून मी रिले टाकून वेगळी वायर काढली.

मग पहिल्या दिवशी मीटर चालू केलं तर स्लोवर १६.८. मी घाबरून मिक्स्चर स्क्रू बाहेर, बाहेर, अजून बाहेर, आकडा जेमतेम १५ वर आला आणि गाडी धूर सोडायला लागली. मेस्त मागे उभा राहून वास घेत होता, म्हणाला, “पुता, प्लग पळय, हें घड्याळ कित्याक?” (बाळा, प्लग बघ, हे घड्याळ कशाला?) प्लग काढला तर काजळासारखा काळा. म्हणजे गाडी रिच आणि मीटर म्हणतंय लीन. दोन दिवस मी मीटरला शिव्या घालत होतो. कारण निघालं मॅनिफोल्डचं पॅकिंग, एका कोपऱ्यात फुटलेलं, तिथून बाहेरची हवा एक्झॉस्टमध्ये ओढली जात होती, आणि सेन्सर बिचारा ऑक्सिजन मोजतो, तो कुठून आला ते त्याला काय कळणार. मिसिंग (एखादा सिलिंडर न पेटणं) असलं तरी तेच होतं, न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि मीटर लीन दाखवतं. त्यामुळे मीटर घेण्याआधी पॅकिंग, पॉइंट, टायमिंग, टॅपेट हे आधी नीट करून घ्या. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या तोंडाला फडकं धरायचं आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडे दिसतात. फुकटातली टेस्ट आहे.

पॅकिंग बदलल्यावर मात्र मीटरने सोन्यासारखं काम केलं. स्लोवर १३.६, छान. चौथ्या गिअरमध्ये ५०-६० च्या स्पीडला १६ च्या वर! म्हणजे मेस्त जो स्क्रू फिरवत होता त्याचा चालत्या गाडीशी फारसा संबंधच नव्हता, तो स्लोपुरता, चालताना पेट्रोल मेन जेटमधून (कार्बोरेटरमधल्या ठरावीक मापाच्या भोकातून) येतं. आणि ई२० मध्ये इथेनॉलबरोबर ऑक्सिजन आधीच येतो, म्हणून त्याच जेटवर गाडी लीन पळते. इथे एक समजून घ्या: मीटर मुळात लॅम्बडा (लागते त्याच्या किती पट हवा आहे) मोजतं आणि त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतं. ई२० चा खरा रेशो साडेतेराच्या आसपास असतो, तरी मीटरवर १४.७ दिसलं तर बरोबरच जळतंय, वेगळं गणित करत बसू नका. जमलं तर मीटर लॅम्बडावरच ठेवा, १.०० म्हणजे बरोबर, खाली रिच, वर लीन.

जेट काढला तर १२५ नंबरचा (आधीच्या कुणी बदललेला का ते देव जाणे). हा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, १.२५ मिमी. १३० टाकला की व्यास थोडासाच वाढतो पण भोकाचं क्षेत्रफळ ८ टक्के वाढतं. टाकला, आणि त्याच रस्त्यावर १४.५. आचका मात्र थोडा राहिलाच. तेव्हा दिसलं की पाय दाबल्या दाबल्या आकडा क्षणभर १८ ला टेकून खाली येतो, म्हणजे ॲक्सिलरेटर पंप पुरेसं पेट्रोल मारत नाही. उघडला, डायफ्राम (आतला पडदा) कडक होऊन चिरलेला. नवा टाकला आणि फर्मागुढीच्या चढावरचा आचका गेला.

आकडे वाचायचं काम बायकोकडे. मी एकदा स्वतः बघत होतो तर म्हणाली, “अहो, रस्त्याकडे बघा, आकडा मी वाचते,” आणि खरंच वहीत गिअर, स्पीड, आकडा असं लिहून दिलं. फुल थ्रॉटलची टेस्ट आम्ही साखळीहून केरीवरून चोर्ला घाटात केली, तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून, खाली १३.० होतं आणि वर, साधारण ८०० मीटर उंचीवर, १२.५. वर हवा विरळ, कार्बोरेटर पेट्रोल मात्र त्या मानाने कमी करत नाही, म्हणून रिच होते. हे ऐकून माहीत होतं, डोळ्यांनी बघायला मजा आली. उतरताना मात्र आकड्यांकडे बघूच नका, पाय काढलेला असताना काहीही दाखवतं.

तक्रारी सांगतो. दुपारच्या उन्हात लाल आकडे दिसत नाहीत, पणजीच्या अटल सेतूवर तर मीटर बंद आहे का असं वाटलं. वायर आखूड. आणि मायलेज वाढेल म्हणून घेणार असाल तर राहू द्या, मोठा जेट टाकल्यावर माझं थोडं कमीच झालंय, पण इंजिन आता तापत नाही आणि गरम असताना सुरू व्हायला रडत नाही. पाचपैकी चार स्टार.

ट्यूनिंग झालं की सेन्सर काढून बंगच्या भोकाला बोल्ट मारून ठेवला, उगाच कशाला झिजवायचा. मीटर घरी पडून होतं ते गेल्या महिन्यात मेस्त स्वतः येऊन घेऊन गेला. त्याच्याकडे कुणाची तरी ॲम्बॅसेडर आलीय, स्लोवर सुरेख चालते, चढावर आचके देते. परवा विचारलं कधी देणार परत, तर म्हणाला, “घड्याळ हांगाच आसूं दी.” (इथेच असू दे.)