रत्नागिरीतील स्पर्धा परीक्षा अभ्यासिका: शनिवारच्या सत्रासाठी तरी जावे

दहावी-बारावीच्या निकालांत कोकण विभाग 2012 पासून सातत्याने राज्यात पहिला येतो, आणि तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सरकारी कार्यालयांत स्थानिक तरुण कर्मचारी शोधावा लागतो. निकालाचे पेढे वाटून झाले की आपल्याकडचा मुलगा मुंबईची गाडी पकडतो. येथल्या जागांवर मराठवाड्यातले किंवा घाटावरचे उमेदवार निवडून येतात आणि त्यांतले बरेच जण काही वर्षांत जिल्हाबदलीचा अर्ज करतात. त्यात त्यांना बोल लावण्यासारखे काही नाही. आपल्या गावाजवळ नोकरी कोणाला नको असते? परंतु मागे राहते ती रिकामी खुर्ची नाहीतर एका शिक्षकावर चालणारी शाळा. हे चित्र बदलायचे तर येथल्या मुलामुलींना सरकारी नोकरीकडे वळवावे लागेल, आणि ते काम रत्नागिरी शहरातील एक खाजगी अभ्यासिका बऱ्यापैकी करते आहे. माझी पुतणी तेथे सरळसेवेची, म्हणजे परीक्षेतून थेट भरल्या जाणाऱ्या पदांची, तयारी करते, शुल्क मी भरतो आणि पालकांना मुभा असलेल्या सत्रांना जाऊन बसतो. त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे.

सोयींबद्दल थोडक्यात सांगतो. बैठकीची जागा स्वच्छ आहे, मुलींसाठी वेगळी खोली आहे, वर्तमानपत्रे वेळेवर येतात. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टर दिवे सांभाळतो, पंखे मात्र सांभाळत नाही, आणि जुलैच्या दमट हवेत त्या खोलीत बसणे म्हणजे शिक्षाच. मासिक शुल्क शहरातील इतर अभ्यासिकांइतकेच आहे.

या केंद्राचे खरे वेगळेपण म्हणजे शनिवारचे सत्र. दर शनिवारी दुपारी प्रत्यक्ष सेवेत असलेला एखादा कर्मचारी येतो आणि आपले काम दाखवतो. ‘मार्गदर्शन’ या नावाखाली यशोगाथा ऐकवण्याची जी पद्धत सर्वत्र पडली आहे, तिचा येथे मागमूस नाही. एका शनिवारी तलाठी मॅडम आल्या होत्या. 2024 मध्ये या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले असले, तरी वर्गात सगळे तलाठीच म्हणत होते आणि त्याही. त्यांनी नावे झाकलेला एक सातबारा पडद्यावर लावला. क्षेत्र अवघे काही गुंठ्यांचे, पण खातेदारांची यादी पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत गेलेली. त्यांतले निम्मे मुंबईला, काही हयात नाहीत, आणि इतर हक्कांच्या रकान्यात जुन्या कुळाची नोंद. खोती, म्हणजे खोताने गावाचा सारा वसूल करण्याची जुनी पद्धत, 1949 च्या कायद्याने गेली, तरी तिच्या खुणा कागदावर अजून कशा भेटतात, हे मुलांना पुस्तकातल्या धड्यापेक्षा त्या एका पानावर अधिक नीट समजले. पुतणीने विचारले, “मॅडम, भावकीतल्या एकाने सही दिली नाही तर?” त्यावर त्यांनी वारसनोंद आणि वाटणी यांतला फरक समजावून सांगितला. वारसनोंदीला सगळ्यांच्या सह्या लागत नाहीत. तलाठी फेरफार धरतो, म्हणजे हक्कबदलाची नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आपसातील वाटप तहसीलदारांकडून करून घ्यायचे तर मात्र सर्व सहधारकांची संमती लागते, आणि कोकणात घोडे अडते ते तेथेच. ज्या घरात असा सातबारा वर्षानुवर्षे ट्रंकेत पडून आहे, त्या घरातल्या मुलीला ही नोकरी कोणाच्या उपयोगाची आहे हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

त्याच सत्रात त्यांनी 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतरच्या पंचनाम्यांविषयीही सांगितले. रस्त्यावर झाडे आडवी, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि पडलेली माडा-पोफळीची झाडे मोजत वाडीवाडीने फिरायचे. लोक रागावलेले असतात आणि तो राग समोर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यावर निघतो. हे ऐकून दोन-तीन मुलांचे चेहरे उतरले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. लाल दिव्याच्या गाडीचे चित्र छापून मुलांना ओढणारे फलक आजही चौकाचौकांत दिसतात. वास्तविक तो दिवा 1 मे 2017 पासून अधिकाऱ्यांच्याच काय, मंत्र्यांच्या गाड्यांवरूनही उतरला आहे. असल्या चित्राला भुलून आलेला मुलगा दोन पेपर हुकले की परत फिरतो. काम बघून आलेला टिकतो, असे या अभ्यासिकेत तरी दिसते.

पगाराविषयीही येथे आडपडदा नाही. तलाठी पदाची 25,500 ते 81,100 ही वेतनश्रेणी फळ्यावर लिहून, त्यात महागाई भत्ता आणि घरभाडे कसे मिळवले जाते आणि निवृत्तिवेतनासाठी किती कापले जाते, हे मांडून दाखवतात. 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन सरसकट लागू नाही, 2023 च्या मार्चमधला संप त्याच मागणीसाठी झाला होता, ही गोष्ट वर्गातल्या अनेकांना ठाऊकच नव्हती. पुण्या-मुंबईतल्या खाजगी पगाराशी तुलना करताना तेथले खोलीभाडे आणि लोकलचा प्रवासही हिशेबात धरायला लावतात, हे मला विशेष आवडले.

शासनाची भरतीप्रक्रिया मात्र या प्रयत्नांवर पाणी ओतते, आणि केंद्राचे संचालक ते लपवीत नाहीत. जिल्हा परिषदेच्या ज्या भरतीची जाहिरात मार्च 2019 मध्ये निघाली, ती अखेर रद्द झाली आणि नवी जाहिरात, 19,460 जागांची, ऑगस्ट 2023 मध्ये आली. बावीस वर्षांच्या मुलाने अर्ज भरला आणि सव्विसाव्या वर्षी तो पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहिला, असा याचा अर्थ. 2023 च्याच तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला हजार आणि राखीव प्रवर्गाला नऊशे रुपये शुल्क होते, आणि निकालात 200 पैकी 214 गुण दिसल्याने गदारोळ उठला. अनेक सत्रांत घेतलेल्या परीक्षेचे गुण समान पातळीवर आणताना असे का घडते, हे येथल्या गणिताच्या सरांनी उदाहरण घेऊन उलगडले. मुलांचा संशय सगळा गेला नाही, पण ‘सगळे सेटिंगच आहे’ असे म्हणून वह्या मिटणे थांबले. तरुणांना सार्वजनिक सेवेत आणण्यासाठी मेळावे आणि जाहिरातफलक यांवर खर्च करण्याआधी परीक्षांचे वेळापत्रक पाळले, तरी निम्मे काम होईल.

आता उणिवा. पोलीस भरतीच्या मुलांना भाट्ये किनाऱ्यावर पळवतात. दम वाढायला वाळू चांगली, परंतु 1,600 मीटरची वेळ वाळूवर घेऊन काही कळत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी मैदानावर न्यायला हवे. 2024 मध्ये मैदानी चाचण्या 19 जूनपासून, म्हणजे भर पावसात सुरू झाल्या होत्या, तेव्हा चिखलातल्या सरावाचाही विचार करावा लागतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर आणि गुणवत्ता यादीसाठी 1,750 गुण. पण येथे उत्तरपत्रिका तपासून देणारे कोणी नाही. सराव चाचण्या पुण्याहून येतात आणि तपासणीही बहुपर्यायी प्रश्नांपुरतीच होते. तेव्हा राज्यसेवेसाठी या केंद्रावर विसंबू नये. तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, लिपिक, आरोग्यसेवक अशा पदांसाठी ते पुरेसे आहे.

शनिवारच्या वक्त्यांतही महसूल आणि पोलीस यांचेच पारडे जड असते. शिरगावला मत्स्यमहाविद्यालय आणि दापोलीला कृषी विद्यापीठ असताना मत्स्यव्यवसाय किंवा कृषी खात्याचा कर्मचारी अद्याप एकदाही आलेला मी पाहिला नाही. दर्यावर जाणाऱ्या घरातली मुले या वर्गात बसतात. त्यांना त्या खात्यातली पदे आधी कळायला हवीत.

सत्र संध्याकाळपर्यंत लांबते आणि जयगडकडच्या मुलींची एसटी चुकते, ही तक्रार मी संचालकांकडे केल्यावर त्यांनी सत्र तासभर अलीकडे घेतले. प्रवेश घेण्यापूर्वी शनिवारच्या एका सत्राला बाहेरच्या उमेदवारांनाही शुल्काविना बसता येते. ज्यांना आपण ही नोकरी करू की नाही याचीच शंका आहे, त्यांनी ते सत्र आधी ऐकावे आणि मगच महिन्याचे पैसे भरावेत.