सांगलीतली पेन लॅब आणि तिथली माणसं: आमच्या आत्यांच्या कंबरदुखीचा अनुभव

रेटिंग ५ पैकी ४. आधीच सांगते, हे हॉस्पिटल नाही, इथं गोळ्या-इंजेक्शन मिळत नाहीत. आपल्या सांगलीतल्याच एका विद्यापीठाच्या फिजिओथेरपी कॉलेजात जुनाट दुखण्यावर संशोधन चालतं (तीच ही पेन लॅब, पेन म्हणजे दुखणं), तिथं आमच्या आत्या (सासूबाई) कंबरदुखीच्या अभ्यासात होत्या आणि त्यांच्यासोबत मी जायचे. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण अभ्यास अजून चालू आहे आणि कोण कुठल्या ग्रुपात आहे हे बाहेर बोलू नका असं त्यांनी सांगितलंय. पण तिथल्या माणसांबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण दुखणाऱ्या माणसाशी असं वागणारी माणसं मी याआधी पाहिलेली नव्हती.

आत्यांचं दुखणं जुनं. तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर कितीतरी सीझन खाली बसून निवडणी केलेली, त्यात घरचं, शेतातलं वेगळंच. मग एक्स-रे झाला, एमआरआय झाला, कमरेचा पट्टा झाला, कुणीतरी सांगितलं म्हणून मालिश पण झालं. एका ठिकाणी सांगितलं मणक्यात गॅप आहे, वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, घागर उचलायची नाही. दुसऱ्या ठिकाणी रिपोर्ट वर धरून बघितला आणि म्हणाले एवढं काय नाही यात, वयाचं आहे, मन कशाततरी रमवा. हे ऐकून आत्या रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून दुखतंय असं सांगायचंच बंद केलं त्यांनी, आणि घरातल्या माणसांना ते जास्त अवघड जातं, कारण दिसत तर असतं, उठताना खुर्चीचा हात घट्ट धरतात, रात्री ठणका लागला की देवघरापाशी जाऊन उभ्या राहतात.

तर लॅबमध्ये पहिल्या दिवशी पीएचडी करणारी मुलगी समोर बसली आणि विचारलं, मावशी, ० म्हणजे अजिबात नाही आणि १० म्हणजे याच्यापेक्षा जास्त असूच शकत नाही, तर आत्ता किती? आत्या म्हणाल्या ८. तिनं ८ लिहिलं. बास. चेहऱ्याकडं बघून खरं-खोटं केलं नाही, माझ्याकडं बघून "खरंच का हो ताई" असं विचारलं नाही. नंतर मोठ्या मॅडमनी मला समजावून सांगितलं की दुखणं मोजणारं मशीन जगात कुठंच नाही, माणूस सांगतो तेच माप. दुखण्याच्या अभ्यासाची जी जागतिक संघटना आहे तिनं २०२० साली दुखण्याची व्याख्या नव्यानं केली, त्याच्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिलंय की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवायचा. मला हे माहीत नव्हतं. आणि हे ज्यांना माहीत असायला पाहिजे त्यांच्यातल्या किती जणांना माहीत असेल असं वाटून जरा रागच आला.

आता टेस्टबद्दल सांगते कारण लोक घाबरतात. एक हातात धरायचं यंत्र असतं, पुढं एक चौरस सेंटिमीटरचं गोल रबर. ते कमरेच्या स्नायूवर ठेवून हळूहळू दाब वाढवत नेतात. नुसता दाब वाटतोय तोवर गप्प बसायचं आणि दाबाचं दुखणं झालं रे झालं की "बास" म्हणायचं, लगेच हात काढतात आणि आकडा लिहितात. त्या मुलीनं आधी स्वतःच्या दंडावर करून दाखवलं, मग माझ्या, मग आत्यांच्या. आणि आत्या बासच म्हणेनात! ओठ दाबून बसल्या. आमच्या घरात बाळंतपणातसुद्धा आवाज न करणाऱ्या बायकांची कौतुकं सांगतात, त्यांना कुठं पटकन बास म्हणता येणार. त्या मुलीच्या लक्षात आलं. यंत्र बाजूला ठेवलं, आत्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मावशी, इथं सोसल्याचे मार्क नाहीत. मला तुमची सहनशक्ती नको, दुखायला कधी सुरुवात होते तेवढंच पाहिजे." आधीचा आकडा खोडून बाजूला सही केली, थोडा वेळ थांबली आणि परत पहिल्यापासून घेतलं, प्रत्येक जागी तीन-तीन वेळा, मधे थांबत थांबत. घाई नाही. बाहेर पुढचा पेशंट बसलेला असून घाई नाही.

मग तेच यंत्र तिनं हाताच्या अंगठ्यावर लावलं. आत्या म्हणाल्या, "अगं पोरी, कंबर दुखतीया माझी, हात न्हाई." मला पण तोच प्रश्न पडलेला. तर त्याचं उत्तर असं की दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलं की त्याला जुनाट म्हणतात, आणि काही जणांमध्ये तोपर्यंत पाठीच्या कण्यातल्या आणि मेंदूतल्या नसांची यंत्रणाच हळवी होऊन बसते. मग जिथं काही झालेलं नाही तिथंसुद्धा कमी दाबाला दुखतं. क्लिफर्ड वुल्फ नावाच्या शास्त्रज्ञानं १९८३ मध्ये हे पहिल्यांदा प्राण्यांवरच्या प्रयोगात दाखवलं. मॅडमनी आत्यांना सांगितलं, मोटारीचा स्टार्टर कसा एकदा नाजूक झाला की लोड नसताना पण ट्रिप मारतो, मोटार जळालेली नसते, तसं. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला याच्यापेक्षा सोपं सांगता येणार नाही. आत्या घरी येऊन मामांना (सासऱ्यांना) हेच सांगत होत्या.

एमआरआयचं पण असंच. आत्यांनी ती मोठी पिशवी दरवेळी सोबत नेलेली. मॅडमनी फिल्म नीट बघितली, झीज आहे म्हणाल्या, लपवलं नाही. पण पुढं सांगितलं की ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये एक पेपर आला, त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यातल्या गादीत झीज दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्यात. म्हणजे झीज दिसली म्हणून तीच दुखण्याचं कारण असं धरून चालत नाही. आत्यांनी परत विचारलं, "मग वाकलं तर चालंल का?" मॅडम म्हणाल्या चालेल, हळूहळू वाढवत न्यायचं. एवढ्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं आम्ही.

बर्फाच्या पाण्यात हात बुडवायची एक टेस्ट होती. आधी बीपी बघितलं, वर निघालं, तर ती टेस्ट केलीच नाही. मागं कॉम्प्युटरवर बसणारे स्टॅटिस्टिक्सचे सर आहेत, ते म्हणाले तो रकाना रिकामा सोडा, कारण लिहा, अंदाजानं काही भरायचं नाही. आपल्याकडं फॉर्म कसे भरले जातात हे सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहितेय.

थांबायला लागतं तेव्हा एमपीटीची (फिजिओथेरपीत मास्टर्स करणारी) मुलं गप्पा मारतात. आत्यांनी डंकावर चटणी कांडून आणल्याचं आणि दोन दिवस हाताची आग होत असल्याचं सांगितलं तर त्यातला एक मुलगा एकदम खूश झाला. म्हणाला आजी, तुम्ही नोबेलचाच विषय काढलात. नसांच्या टोकाला एक प्रोटीन असतं, साधारण ४३ डिग्रीच्या वर चटका बसला की ते उघडतं आणि मिरचीतल्या तिखटानं पण तेच उघडतं, म्हणून गरम नसताना आग होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमनं १९९७ मध्ये मिरचीतलाच तो पदार्थ वापरून हे शोधलं आणि २०२१ मध्ये त्यांना आणि आर्डेम पाटापूटियन यांना नोबेल मिळालं. असं तोंडभरून सांगत होता की त्याला स्वतःला मिळाल्यासारखं. अशी मुलं बघितली की बरं वाटतं.

सगळ्यात जास्त मला पाकिटाचं आवडलं. तुलना करायला अभ्यासातल्या माणसांचे दोन ग्रुप करतात, त्यात आत्यांचा ग्रुप कुठला हे बंद पाकिटातून निघालं, डॉक्टरांच्या मनावर नाही. आणि ती माप घेणारी मुलगी, तिला कळूच द्यायचं नाही कोण कुठल्या ग्रुपात. आत्यांना राहवेना, मधल्या तपासणीला सांगायला लागल्या की मला की नाही ते... तर ती मुलगी दोन्ही कान धरून उभीच राहिली, "मावशी सांगू नका, सांगितलंत तर माझ्या हातानं मोजलेलं कामाला येणार नाही." कारण ग्रुप कळला की नकळत आकडा आपल्या मनासारखा वाचला जातो. इतका प्रामाणिकपणा स्वतःच्या हाताबद्दल!

फरक पडला का? लोक हेच विचारतात. आत्या आता ४-५ सांगतात, जेवायला परत खाली पाटावर बसतात. पण हे मी मॅडमना कौतुकानं सांगायला गेले तर त्यांनीच थांबवलं. म्हणाल्या माणूस अभ्यासात येतो तोच दुखणं जोरात असताना, आणि जोरातलं दुखणं काही केलं नाही तरी थोडं खाली येतंच, म्हणून तर दुसरा ग्रुप ठेवायचा. एका माणसाच्या बरं होण्यावरून आम्ही काहीच म्हणू शकत नाही. श्रेय समोरून चालत आलेलं असताना नको म्हणणारी माणसं आहेत ही. म्हणूनच माझा विश्वास बसला.

आता जे पटलं नाही ते. प्रश्नावल्या फार लांब आहेत, आणि प्रश्न खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे आहेत, खुर्चीत किती वेळ बसता, प्रवास किती करता. खाली बसून भाकरी थापता येते का, उकिडवं बसता येतं का, हे कुणी विचारलंच नाही, आणि आमच्याकडच्या बायकांची कंबर तिथंच कळते. मी बोलले तर कोऑर्डिनेटर दादांनी लिहून घेतलं, पण मूळ प्रश्नावली बदलता येत नाही, बदलली तर परत सगळी तपासावी लागते म्हणाले. मग वेगळा एक कागद जोडा ना, असं माझं म्हणणं आहे. दुसरं, लिफ्ट बंद आणि लॅब वरच्या मजल्यावर. कंबरदुखीच्या माणसांना जिने! दारातले शिपाई मामा खाली खुर्ची आणून देतात, मधल्या टप्प्यावर पण एक ठेवलीय त्यांनी आपणहून, पण हे शिपाई मामांनी करायचं काम नाही. येण्याजाण्याचे पैसे मिळतात पण उशिरा. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून आम्हाला जड गेलं नाही, पण जतकडून दोघं-दोघं येतात त्यांना जातं. दादा फोन करून करून दमतात बिचारे, दोष त्यांचा नाही, बिल पुढं सरकत नाही कुठंतरी.

जाणाऱ्यांसाठी. कुठलाही अभ्यास असो, सहमतीचा कागद मराठीत मागा आणि घरी आणून वाचा, इथं आणू देतात. त्यावर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयचा नंबर आहे का बघा, ती अशा अभ्यासांची केंद्राची नोंदणी आहे, नेटवर कुणालाही बघता येते. कधीही सोडता येतं आणि सोडलं म्हणून तुमचे चालू उपचार थांबत नाहीत, हे कागदावर लिहिलेलं पाहिजे. तुमच्याकडूनच पैसे मागत असतील तर नीट चौकशी केल्याशिवाय सही करू नका. आणि कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, जांघेत बधिरपणा असेल, पायातली ताकद जात असेल, तर लॅब-बिब नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. लॅबवाले सुद्धा पहिल्या दिवशी हेच विचारतात आणि तसं काही असेल तर अभ्यासात घेतच नाहीत.

एक स्टार मी लिफ्टसाठी कापलेला नाही. तो राखून ठेवलाय, अभ्यास संपल्यावर निकाल काय निघाला हे आत्यांसारख्यांना बोलावून सांगणार का, यासाठी. इंग्रजी पेपर छापून येईल, पण आत्या तो कुठं वाचणार. मॅडम म्हणाल्यात बोलावणार. बोलावलं की इथं येऊन ५ करते.