देवांमागे ठेवलेला लिफाफा

दांडिया बाजारात मी पोळ्या लाटून देते, दिवाळीत फराळ. ह्यांचा पगार भाड्या-किराण्यातच संपतो, म्हणून लेकीच्या कॉलेजसाठी मी वेगळे पैसे साठवत होते. 2021 च्या दिवाळीनंतर पन्नास हजार जमले आणि एफडी करायला बँकेत गेले.

टेबलापलीकडचा मुलगा आपल्यातलाच, मराठी बोलणारा. "काकू, एफडीत आता काय राहिलंय? ही पॉलिसी घ्या. एफडीच समजा, वर विमा फुकट." बडोद्यात बँकेत कोणी काकू म्हटलं की माणूस निम्मा विरघळतो. दाखवेल तिथे सह्या केल्या. "विमा कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर काम अडकतं." फोन आला तेव्हा तव्यावर पोळी होती. हो, हो, हो म्हटलं आणि पोळी उलटली.

आठवड्याने जाड लिफाफा आला. बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचा कागद, आला म्हणून हळदकुंकू लावून, न फोडताच देवांमागे ठेवला. कागद हातात पडल्यापासून 15 दिवसांत पॉलिसी परत करता यायची, थोडा खर्च कापून पैसेही मिळाले असते. ते पंधरा दिवस माझा लिफाफा उदबत्तीचा वास घेत बसला.

वर्षाने मेसेज: हप्ता पन्नास हजार. दरवर्षी, दहा वर्षं! मोडायला गेले तर म्हणे दोन हप्ते भरल्याशिवाय काहीच नाही, आणि भरले तरी 30 टक्के. म्हणजे आणखी पन्नास घालायचे आणि लाखाचे तीस हजार घ्यायचे. सोडून दिले. (1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या पॉलिसींना नियम बदललाय, पहिल्या पूर्ण वर्षानंतरही काही रक्कम मिळते.) तो मुलगा तोवर दुसऱ्या शाखेत. कंपनीकडे तक्रार केली तर उत्तरात माझ्याच 'हो'चं रेकॉर्डिंग पुढे केलं. त्या उत्तरापासून वर्षाच्या आत अहमदाबादच्या विमा लोकपालाकडे फुकट दाद मागता येते, हे कळलं तेव्हा वर्ष उलटलं होतं.

हाव नडली, असं नणंद म्हणाली. हाव कसली? पैसे कधी लागणार ते मी मांडलंच नव्हतं. फी दोन वर्षांवर आली होती आणि सही केली दहा वर्षांच्या कागदावर. नियोजन पगारदारांनी करावं, आपलं काय, येतं नि जातं, असंच मी म्हणायचे. आता पोळ्यांच्या वहीत मागच्या पानावर तारखा आहेत: जूनमध्ये फी, दिवाळीआधी तूप-बेसन. त्या तारखांना धरून आरडी, दर महिन्याला ठरलेली रक्कम बँकेत भरायची ती. विमा म्हणाल तर पंतप्रधान योजनेत पन्नाशीच्या आतल्याला वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचा जीवनविमा मिळतो, अपघाताचा 20 रुपयांत. हे त्याच बँकेत होतं, पण वीस रुपयांत कोणाचं टार्गेट भरतंय?

परवा शेजारच्या वहिनींकडे तसाच लिफाफा आला. त्या कुंकवाची कोयरी शोधत होत्या, मी कात्री घेऊन गेले. दुसऱ्याच पानावर होतं: हप्ते 12 वर्षं. आता परत करायला 30 दिवस मिळतात. आज सहावा आहे.