जुना दोन दरवाजांचा अ‍ॅक्सेस कंट्रोल बोर्ड: टेबलावरची तपासणी आणि एक अख्खा पावसाळा

गिरगावातल्या आमच्या अभ्यासिकेत गेल्या डिसेंबरपासून कार्ड दाखवलं की दरवाजा उघडणारा एक जुना अ‍ॅक्सेस कंट्रोल बोर्ड चालू आहे. अंधेरीतलं एक ऑफिस जागा सोडत होतं, तिथून तो उतरवून आणला. दोन कार्ड रीडर, दोन मॅग्नेटिक लॉक (करंट असेपर्यंतच दरवाजा धरून ठेवणारी), १२ व्होल्टचा सप्लाय. एक दरवाजा बाहेरचा, दुसरा आतल्या पुस्तकांच्या खोलीचा. मधे पूर्ण पावसाळा गेला, दिवाळीही झाली, त्यामुळे आता त्याच्याबद्दल ठामपणे लिहिता येईल. असा बोर्ड कुणी देत असेल तर जरूर घ्या, पण लॉकचा खरा लोड देऊन टेबलावर तपासल्याशिवाय भिंतीवर चढवू नका. हिरवा एलईडी लागला म्हणजे बोर्ड चांगला, हे मला मान्य नाही.

या पिढीचे बोर्ड मला आवडतात ते एका कारणासाठी: ते उघडून दुरुस्त करता येतात. यात ८९एस५२, म्हणजे बोर्ड चालवणारा मायक्रोकंट्रोलर, सॉकेटमध्ये बसवलाय, शेजारी त्याला ठोके देणारा ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (कॉम्प्युटरशी बोलण्याचा वेग, ९६०० बॉड रेट, या आकड्याने बिनचूक येतो, म्हणून तोच असतो, कुणी १२ मेगाहर्ट्झचा लावून ठेवला असेल तर कॉम्प्युटरशी बोलणं बिघडतं), पीसी८१७ ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पुढे देणारा), मॅक्स२३२ (कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टशी जोडणारी चिप), ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) आणि निळे शुगर क्यूब रिले (विजेने चालणारे छोटे स्विच). यातला प्रत्येक पार्ट आजही लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. नव्या बोर्डांत सगळं एसएमडी, म्हणजे बोर्डावर थेट डाग दिलेले बारीक पार्ट, असतं आणि बिघडलं की अख्खा बोर्ड बदला असं सांगतात.

पहिली वीज देताना टेबलावरच्या सप्लायची करंट लिमिट ३०० मिलिअँपिअरवर ठेवली. बाहेरून काहीही जोडलं नव्हतं. बोर्ड शंभरच्या आतच स्थिरावला, म्हणजे कुठे शॉर्ट नव्हता. मुख्य फिल्टर कपॅसिटरचं डोकं किंचित फुगलं होतं, तो काढून १०५ डिग्रीवाला लावला. ७८०५ वर बोट ठेवून पाहा. १२ मधून ५ करताना उरलेले ७ व्होल्ट तो उष्णता म्हणूनच टाकतो, पण बोर्ड एकटा असताना चटका बसत असेल तर पुढे कुणीतरी जास्त करंट खातंय असं समजा.

आता रिले. जुन्या बोर्डाचं खरं आयुष्य इथे कळतं, त्यामुळे माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. मॅग्नेटिक लॉक रिलेच्या एनसी कॉन्टॅक्टवर, म्हणजे रिले शांत असताना जोडलेला राहणाऱ्या कॉन्टॅक्टवर, असतं. म्हणजे लॉकचा करंट दिवसभर, रात्रभर त्या कॉन्टॅक्टमधून वाहतो आणि कार्ड दाखवलं की रिले तो तोडतो. मल्टीमीटरच्या कंटिन्युइटीवर दोन्ही रिले उत्तम वाजत होते. मग २८० किलोचं खरं लॉक जोडलं, जे १२ व्होल्टला साधारण ५०० मिलिअँपिअर घेतं, आणि मीटर व्होल्टवर ठेवून कॉमन आणि एनसीच्या दोन पायांवरच लावला. पहिल्या रिलेवर ४० मिलिव्होल्टच्या आसपास. छान. दुसऱ्यावर आकडा पाऊण व्होल्टच्या वर, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेला हलकी टिचकी मारली की वर-खाली नाचायचा. याचा अर्थ लॉकला १२ ऐवजी जेमतेम ११ व्होल्ट मिळत होते, दरवाजाची पकड तेवढी कमी आणि वाया जाणारी सगळी उष्णता त्या कॉन्टॅक्टमध्ये. कंटिन्युइटीला मीटर एवढासा करंट सोडतो की हा दोष त्याला दिसतच नाही. रिले उघडून पाहिला तर कॉन्टॅक्ट काळवंडून खड्डे पडलेले.

कारण लॉकच्या तारांवर होतं. ऑफिसातून आलेल्या दोन लॉकपैकी एकावर उलटा डायोडच नव्हता. लॉकच्या कॉइलचा करंट तुटला की व्होल्टेजची उसळी येते, प्रत्येक वेळी कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, आणि वर्षानुवर्षं ती पडत राहिली. एक १एन४००७, पांढरी पट्टी प्लसकडे, लॉकच्या अगदी जवळ. काही रुपयांचा पार्ट आहे. तो लावल्यावर दरवाजा सुटायला किंचित उशीर लागतो, हे खरं. ज्यांना तेवढाही नको त्यांनी डायोडऐवजी एमओव्ही (उसळी शोषून घेणारा पार्ट) लावावा. दोन्ही रिले मी बदलले. बरा दिसणाराही बदलला, कारण त्याचं वय तेवढंच आणि मेहनत एकाच वेळची.

रीडरच्या इनपुटची तपासणी त्याहून सोपी. विगँड ही रीडरने बोर्डाला कार्ड नंबर पाठवायची पद्धत; तिच्या दोन तारा, हिरवी डी-शून्य आणि पांढरी डी-एक, काही चालू नसताना ५ व्होल्टवर असल्या पाहिजेत. रीडर फक्त क्षणभर त्यांना खाली खेचतो, साधारण ५० मायक्रोसेकंदांसाठी. दुसऱ्या रीडरच्या पांढऱ्या तारेवर मला ३.१ व्होल्ट मिळाले. रीडर काढला तरी तेवढेच, म्हणजे दोष बोर्डातच. इनपुटवरचा संरक्षणाचा झेनर डायोड गळत होता. बदलल्याबरोबर आकडा जागेवर आला.

इथे एक सांगतो: बोर्ड आणि रीडर एकत्र तपासू नका. कार्ड वाचलं गेलं नाही तर कोण दोषी ते कळत नाही. मी दोन्ही रीडर आधी आर्डुइनो युनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाला जोडले, २ आणि ३ नंबरच्या पिनवर, कारण इंटरप्ट (सिग्नल आल्याक्षणी टिपायची सोय) त्याच दोन पिनांवर आहेत. प्रत्येक कार्डाचे २६ बिट मोजून घेतले: पुढचा-मागचा पॅरिटी (चूक तपासायचा) बिट, मधे ८ बिटांचा फॅसिलिटी कोड (जागेचा नंबर) आणि १६ बिटांचा कार्ड नंबर. कार्डावर छापलेल्या आकड्यांशी ते ताडूनही पाहता येतात. समजा कार्डावर ०४५,१२३४५ छापलंय, तर ४५ गुणिले ६५५३६ अधिक १२३४५, म्हणजे २९६१४६५. कार्डावरच्या दहा आकडी नंबरात बहुधा तोच असतो, पुढे शून्यं लावून. रीडर पास झाल्यावर त्याच युनोला उलट कामाला लावलं: खोटी कार्डं दाखवत त्याने रात्रभर बोर्ड चालवला, लॉक जोडलेलं ठेवून. सकाळी लॉगमध्ये एकही नोंद गाळलेली नव्हती आणि बोर्ड एकदाही रिसेट झाला नव्हता. या रात्रीनंतरच मला त्याच्यावर भरवसा वाटला.

घड्याळाची चिप डीएस१३०७ आहे, नवा सीआर२०३२ सेल घातला. महिन्याला मिनिटभर पुढेमागे होतं, ते चालतं. जुन्या बोर्डात नाण्याच्या सेलऐवजी निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल तर मात्र आधी तिच्या पायाशी हिरवट बुरशी आलीय का ते बघा. ते पाणी खालचे ट्रॅक खाऊन टाकतं.

सुटकेच्या मार्गाबाबत मी तडजोड केली नाही. अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत पोरं बसतात, परीक्षा जवळ आल्या की जागा मिळत नाही. दरवाजाजवळचा हिरवा इमर्जन्सी बॉक्स बोर्डाच्या इनपुटला न जोडता थेट लॉकच्या प्लसच्या तारेत घातलाय. टेबलावर मी बोर्ड मुद्दाम अडकवून पाहिला: ८९एस५२ च्या ९ नंबर पिनवर ५ व्होल्ट धरून ठेवले की तो रिसेटमध्येच राहतो. एक्झिट बटण दाबलं, काहीच झालं नाही. हिरवा बॉक्स दाबला, लॉक सुटलं. बोर्ड मेला तरी माणूस बाहेर पडला पाहिजे, एवढं तपासल्याशिवाय मी तो लावलाच नसता.

जुलैपर्यंत तक्रार शून्य. मग ऐन पावसात एसएमपीएस (बोर्डाला वीज देणारा स्विचिंग सप्लाय) गेला आणि केअरटेकर मामांनी जवळच्या दुकानातून दुसरा आणून लावला. लगेच मुलांच्या तक्रारी सुरू झाल्या. "काका, कार्ड चिकटवून धरावं लागतं, तेव्हा कुठे वाचतं." दुसरी एक मुलगी म्हणाली, "पण काका, काल लाइट गेली होती ना, तेव्हा लांबूनच वाचत होतं." तिने रोगच सांगितला. मी एसएमपीएसचा स्विच बंद करून बॅटरीवर चालवलं तर कार्ड तीन-चार बोटं अंतरावरून वाचलं, चालू केला की परत चिकटवायची वेळ. हे रीडर १२५ किलोहर्ट्झवर चालतात, आणि नव्या एसएमपीएसचा स्विचिंगचा गोंगाट थेट त्याच पट्ट्यात येत होता. रीडरना वेगळा ट्रान्सफॉर्मरवाला लिनिअर सप्लाय दिला, निगेटिव्ह बोर्डाशी एकत्र ठेवला, आणि तक्रार मिटली. वेगळा सप्लाय म्हणजे बॅटरीचा आधारही वेगळा द्यावा लागतो, म्हणून रीडरसाठी एक छोटी बॅटरी वाढवली. टेबलावरचा माझा सप्लाय लिनिअर असल्यामुळे हा दोष तिथे दिसण्यासारखा नव्हता. आता शेवटची फेरी मी जागेवर लागणाऱ्या एसएमपीएसवरच घेतो.

बॅटरीचा हिशोबही कागदावर ठेवू नका. बॅटरीवरचा ७ एएच (अँपिअर-तास) हा आकडा २० तासांच्या हिशोबाने दिलेला असतो, म्हणजे ३५० मिलिअँपिअर लोडला. दोन लॉक आणि बोर्ड मिळून सव्वा अँपिअरच्या आसपास जातात, तेव्हा भागाकार करून येणारे साडेपाच तास प्रत्यक्षात मिळत नाहीत. चार तास धरून चाला.

समुद्राच्या हवेचा परिणाम बोर्डापेक्षा टर्मिनलवर जास्त दिसला. रीडरच्या जोडाच्या तारांवर हिरवी झाक आली होती. तारा कापून टोकं नव्याने सोलली, त्यांवर लग (धातूची टोपणं) दाबले. बोर्डाला कोटिंग केलेलं असल्याने त्यावर काहीच नाही.

हा बोर्ड कुठे लावू नये, तेही सांगतो. १२५ किलोहर्ट्झच्या या साध्या कार्डाला कसलंही एन्क्रिप्शन नाही, स्वस्तातल्या यंत्रावर त्याची नक्कल होते. शिवाय विगँडच्या तारांवरून नंबर उघडाच जातो, त्यामुळे बाहेरचा रीडर उचकटला की तो ऐकता येतो. अभ्यासिकेला, सोसायटीच्या जिमला, मीटर रूमला हे पुरेसं आहे. सराफाच्या दुकानाला किंवा सर्व्हर रूमला नाही. बोर्ड स्वतः नेहमी आतल्या बाजूला, कुलूपबंद पेटीत.

आणि बोर्ड ताब्यात घेतानाच त्याचं सॉफ्टवेअर आणि पासवर्ड मागून घ्या. आमचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या काळातलं आहे, एका जुन्या लॅपटॉपवर ठेवलंय, यूएसबी-टू-सिरियल केबलने जोडतो. जोडणी होत नसेल तर आधी केबलच्या २ आणि ३ नंबरच्या पिन एकमेकींना टेकवून टर्मिनल प्रोग्रॅममध्ये अक्षरं टाइप करा. तीच परत दिसली तर केबल ठीक, मग बोर्डावरच्या मॅक्स२३२ कडे वळा. पासवर्डच कुणाला आठवत नसेल आणि बोर्डावर तो मिटवायचा जंपरही (दोन पिना जोडणारं टोपण) नसेल, तर बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी तो बोर्ड मी उचलणार नाही.