रिमॅप केलेली गाडी आणि एसीचा वॉरंटी क्लेम: घोडबंदर रोडवरच्या सर्विस सेंटरचा अनुभव

पाचपैकी तीन स्टार देतोय आणि ते तिन्ही शेवटच्या चार दिवसांचे आहेत, पहिल्या आठवड्यावर द्यायचे असते तर एकच दिला असता.

आधी गाडीचं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. एक लिटर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, २०२१ च्या दिवाळीतली. तीन वर्षांची स्टँडर्ड वॉरंटी संपली आणि कंपनीच्याच एक्स्टेंडेड वॉरंटीचं पहिलं वर्ष चालू होतं. २०२३ मध्ये मी तुर्भे एमआयडीसीतल्या एका ट्यूनरकडे स्टेज वन रिमॅप करून घेतला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं (ईसीयूचं) सॉफ्टवेअर जास्त पॉवरसाठी बदलून घेतलं, आणि सोबत एअर फिल्टर बदलला, बाकी एक्झॉस्ट, सस्पेन्शन, टायर सगळं जसं शोरूममधून आलं तसंच.

यंदा मे महिन्यात एसी गार हवा देईना. गॅस भरला की पंधरा-वीस दिवस बरा चालायचा आणि परत तेच. आईला बीपीचा त्रास आहे, तिला घेऊन कासारवडवलीहून तीन हात नाक्याला डॉक्टरकडे जायचं म्हणजे त्या ट्रॅफिकमध्ये तासभर, मागच्या सीटवर बिचारी रुमालाने वारा घेत बसायची, ते बघवत नव्हतं. म्हणून गाडी इथे आणून टाकली आणि सांगितलं की वॉरंटीत बघा.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅडव्हायजरचा फोन, "सर, तुमची गाडी ट्यून केलेली आहे, वॉरंटी व्हॉइड झालीये, कूलिंग कॉइलचं इस्टिमेट एकतीस हजार, काम चालू करू का?" मी विचारलं की एसीची हवा गार करणाऱ्या कॉइलचा आणि रिमॅपचा काय संबंध, तर म्हणाला "सर सिस्टीममध्येच तसं दिसतंय, आमच्या हातात काही नाही." मला खरा राग आला तो या वाक्याचा. रिमॅप मी लपवला नव्हता, विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, पण एक बदल केला म्हणून गाडीतल्या सगळ्या पार्टची वॉरंटी गेली असं फोनवर सांगून मोकळं व्हायचं हे बरोबर नाही.

त्या रात्री वॉरंटीचं बुकलेट काढून नीट वाचलं आणि हे मी प्रत्येकाला करायला सांगेन, कारण सगळी गोम वाक्यरचनेत असते. काही बुकलेटमध्ये लिहिलेलं असतं की बदलामुळे झालेला बिघाड कव्हर होणार नाही, आणि काहींमध्ये असतं की बदल केलेल्या गाडीला वॉरंटीच लागू नाही. ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत. माझ्यात पहिलं होतं. एक्स्टेंडेड वॉरंटी बाहेरच्या कंपनीची किंवा इन्शुरन्सवाल्याची घेतली असेल तर दुसऱ्यासारखं वाक्य निघू शकतं, त्यामुळे पैसे भरायच्या आधी ते पान मागून घ्या.

सकाळी जाऊन वर्क्स मॅनेजरला भेटलो. त्यांनी मुद्दा काढला की एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर चालतो, इंजिनची पॉवर वाढवली की त्याच्यावर लोड येतो. मी म्हटलं ठीक आहे, मग कॉम्प्रेसर खराब आहे का? तो तर बरा आहे असं तुमच्याच जॉब कार्डवर लिहिलंय. तेव्हा त्यांनी फोरमनना बोलावलं. त्या काकांबद्दल मला चांगलंच लिहायचंय. ते मला बेपर्यंत, म्हणजे गाडी उघडून काम करतात त्या जागेपर्यंत, घेऊन गेले, डॅशबोर्ड अर्धा उतरवलेला, वायरिंगचे गठ्ठे बाजूला बांधलेले, एसीच्या सिस्टीममध्ये लीक शोधायचा डाय (रंग) आधीच टाकलेला होता आणि काकांनी जांभळ्या उजेडाचा छोटा टॉर्च कॉइलवर मारला तर खालच्या कोपऱ्यात पोपटी रंगाचा चकचकीत डाग, बोटाएवढा, त्याच्याभोवती तेलकट धूळ. ते म्हणाले, "हे बघा, इथून गॅस जातोय, कॉइल सडलीये, पाणी आणि धूळ बसून होतं असं, याचा इंजिनशी काही संबंध नाही." मॅनेजरच्या समोर म्हणाले. एवढं सरळ बोलणारा माणूस सर्विस सेंटरमध्ये मी पहिल्यांदा पाहिला.

मग मी एकच मागितलं: रिजेक्ट करायचं तर करा, पण कुठला बदल, त्याने कुठला पार्ट कसा खराब झाला आणि बुकलेटच्या कुठल्या कलमाखाली, हे जॉब कार्डवर लिहून सही-शिक्का द्या. ते लिहायला कोणी तयार होईना. कॉइलवरच्या त्या डागाचा फोटो आणि बुकलेटचं पान जोडून मी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाकला. नवव्या दिवशी कंपनीचा टेक्निकल माणूस येऊन बघून गेला, क्लेम पास झाला, कॉइल फुकट बदलली, लेबरसकट.

आता दुसरी बाजू पण सांगतो. त्याच स्कॅनमध्ये टर्बोच्या वेस्टगेट अ‍ॅक्चुएटरचा (टर्बोचा दाब आवरणारी झडप हलवणाऱ्या पार्टचा) एरर कोड निघाला, चढावर कधीकधी इंजिन लाइट लागायची ती त्याचीच. तो क्लेम त्यांनी नाकारला आणि मी वाद घातला नाही, कारण तो त्यांचा हक्क आहे. रिमॅप म्हणजे टर्बोला जास्त बूस्ट (हवेचा दाब) करायला सांगायचं, इग्निशनचं टायमिंग आणि पेट्रोलचं प्रमाण बदलायचं, माझ्या गाडीचा टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, १७५ वरून २२० न्यूटन मीटरच्या आसपास गेलाय, मग वेस्टगेट, क्लच, गिअरबॉक्स यांच्यावर ताण येणारच. कंपनीने वॉरंटी हिशोब करून दिली ती १७५ वर. तो खर्च मी माझ्या खिशातून केला.

माझी खरी तक्रार ट्यूनरबद्दल आहे. पैसे घेताना मला म्हणाला होता, "भाऊ, सर्विसला जायच्या आधी इकडे या, स्टॉक फाइल परत टाकून देतो, कोणाला कळणार नाही." हे खोटं आहे. बऱ्याच ईसीयूमध्ये किती वेळा प्रोग्रामिंग झालं याचा काउंटर असतो, स्टॉक फाइल (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) टाकली की तो उलट एकने वाढतो, कमी होत नाही. शिवाय सॉफ्टवेअरचा कॅलिब्रेशन नंबर आणि त्याची पडताळणीची बेरीज (सॉफ्टवेअर बदललं की बदलणारा आकडा) असते, ती कंपनीच्या रेकॉर्डशी जुळली नाही की लगेच दिसतं. सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये लावायचा ट्यूनिंग बॉक्स काढून ठेवता येतो हे खरं, पण जास्त बूस्टने झालेली झीज काढून ठेवता येत नाही.

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर पोरं अमेरिकेतला १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा सांगतात की कंपनी वॉरंटी नाकारूच शकत नाही. एक तर तो तिकडचा कायदा, आणि त्यातही बदलामुळेच नुकसान झालं असेल तर तो वाचवत नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, १९१५ ही हेल्पलाइन आहे, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि वस्तू किंवा सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण तिथे जायचं तर नाकारल्याचं कारण लेखी हातात पाहिजे.

आणि हे पण माहीत असू द्या की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करायला आडवं येतं, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय, आणि परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इन्शुरन्सला बदल कळवला नसेल तर अ‍ॅक्सिडेंटच्या क्लेममध्ये तेच भांडण परत.

फक्त रिमॅपवाल्यांनीच हे वाचावं असं नाही. माझ्या शेजाऱ्याने बाहेरून हेडलाइट बसवताना वायर कापून जोडली, नंतर त्याचा हॉर्न आणि पॉवर विंडो दोन्हीचा क्लेम अडकला. कपलरने (तयार प्लगने) जोडा, वायर कापू देऊ नका. बाहेरून सीएनजी किट बसवलं तर इंजिन आणि फ्युएल सिस्टीमवर प्रश्न येणार हे धरूनच चाला.

बाकी सेंटरचं म्हणाल तर वॉशिंग चांगलं, वेटिंगमध्ये एसी आणि चहा ठीक, पार्किंगचे हाल आहेत, मेट्रोच्या कामामुळे सर्विस रोडवरून आत वळायलाच दहा मिनिटं जातात. फोन ते स्वतःहून करत नाहीत, आपणच करावा लागतो. क्लेमचं काम असेल तर सकाळी साडेनऊला जा, तेव्हा फोरमन काका बेवर असतात, आणि गाडीत काय काय बदललंय ते जॉब कार्ड उघडतानाच सांगून टाका.