एयूआर की डेबियन, पॅकेज टाकायचं कुठे?

आर्च आणि डेबियन ही दोन लिनक्स वितरणं, आणि पॅकेज म्हणजे त्यांवर इन्स्टॉल करायला बांधलेलं सॉफ्टवेअर. आर्चच्या एयूआरमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांनीच टाकलेल्या पॅकेजांच्या संग्रहात, शिरणं फारच सोपं, अकाउंट काढा, पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी पीकेजीबिल्ड नावाची एक शेल स्क्रिप्ट लिहा, सोबत तिच्यातली माहिती देणारी डॉट-एसआरसीइन्फो फाइल जोडा आणि गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) पुश करा, म्हणजे सर्व्हरवर पाठवा, झालं. नियम आहेत, म्हणजे गिटमधला ताजा कोड घेत असाल तर नावाला -गिट लावा, तयार बायनरी, म्हणजे आधीच बांधलेला प्रोग्राम, असेल तर -बिन, पण पुश व्हायच्या आधी कोणी माणूस तपासत नाही. जुलै २०२५ मध्ये फायरफॉक्स-पॅच-बिन वगैरे नावांनी मालवेअर आलं ते याच दारातून, म्हणून इन्स्टॉल करण्याआधी पीकेजीबिल्ड वाचाच, अगदी कळकळीने सांगतोय.

डेबियनचं तसं नाही. कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग, कॉपीराइट या फाइली, मग पॅकेजमधल्या चुका शोधणाऱ्या लिंटियन टूलच्या वॉर्निंग्ज, मग पॅकेज तपासून अपलोड करणारा डेबियनचा स्पॉन्सर शोधा, आणि पॅकेज नवीन असेल तर न्यू क्यूमध्ये, म्हणजे नव्या पॅकेजांच्या तपासणीच्या रांगेत, थांबा. सगळ्यात जास्त वेळ कॉपीराइट फाइल खाते, कोणती फाइल कोणत्या लायसन्सखाली आहे ते सगळं शोधून लिहावं लागतं, पण मला डेबियनची हीच गोष्ट मनापासून आवडते कारण वापरणाऱ्याला नक्की काय मिळतंय ते त्यात लिहिलेलं असतं.

छोटं टूल असेल, रोज बदलत असेल, तर मी एयूआरच घेईन. दुसऱ्यांच्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं चालणार असेल तर मात्र डेबियन, कितीही थांबावं लागलं तरी.